सासऱ्यांचं बेचाळीस

"हा डाव्या खिशात, आणि हा उजव्या," असं म्हणत सासऱ्यांनी चंद्रपूरच्या फलाटावर माझ्या पँटच्या दोन्ही खिशांत एकेक कांदा कोंबला.

गाडीतून उतरून मी अजून बॅगही खाली ठेवली नव्हती. शेजारी माझी बायको प्रणिता निर्विकार उभी होती. ती याच गावात लहानाची मोठी झालेली. खिशात कांदा घालणं हा तिच्या दृष्टीनं रुमाल घेण्यासारखाच प्रकार होता.

"एक पुरला असता, बाबा," मी म्हणालो.

"एक तुमचा आहे. दुसरा माझा होता," सासरे म्हणाले. "कांदा ऊन ओढून घेतो. मला त्याची आवश्यकता नाही. मी बॉयलरसमोर आयुष्य काढलं आहे."

हे खरंच होतं. देविदासराव उरकुडे वीज केंद्रात बॉयलरवर फोरमन होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपलं लक्ष घराकडे वळवलं होतं, आणि घर ही त्यांना एक जरा ढिसाळ चालवलेली मशिनरी वाटत असे. कुकरची शिट्टी उशिरा झाली की ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहत. लाइट गेली की "ट्रिप झालं" म्हणत आणि खिडकीतून दूरच्या चिमणीकडे अशा नजरेनं पाहत, की आपण सोडून आलो तेव्हाच हे होणार हे माहीत होतं.

त्यांचं आणि माझं नातं 'आवश्यकता' या शब्दात मावणारं होतं. घरात, गल्लीत, बाजारात ते त्यांच्या बोलीत बोलत. माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातलं मराठी. पुण्याचा जावई, त्यात वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिणारा. अशा माणसासमोर काय बोलावं याचा त्यांनी विचार केला असावा आणि छापील बोललेलं बरं, असं ठरवलं असावं. लग्नानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी मला एकही वाक्य असं ऐकवलं नव्हतं, की ज्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू येत नाही.

आता मी तिथं ऐन मे महिन्यात का गेलो होतो, तर धोंडे खायला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून त्याचे पाय धुवायचे, त्याला पुरणाचे धोंडे आणि अनारसे वाढायचे, आणि त्या महिन्यापुरता तो विष्णू आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. हा महिना वर्षातल्या कुठल्याही ऋतूत येऊ शकतो. आमच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक हा अधिक ज्येष्ठ निघाला. पंचांग करणाऱ्याची सासुरवाडी चंद्रपूरला नसावी.

घरी पोहोचेपर्यंत मला गावाचं तापमान तीन जणांनी सांगितलं होतं: रिक्षावाल्यानं, नाक्यावरच्या पानवाल्यानं, आणि दारात उभ्या असलेल्या धोटेजींनी. धोटेजी हे शेजारी. सासऱ्यांच्याच खात्यातले, आणि प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एक उपाय असे.

"काल शेहेचाळीस पॉइंट दोन होतं," ते कौतुकानं म्हणाले. "ब्रह्मपुरीले पॉइंट चार. आज आपण घेऊ त्याईले."

मी शुभेच्छा दिल्या.

घर तयारीत होतं. बैठकीत पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. पाटासमोर माझे पाय धुण्यासाठी पितळेची मोठी परात, तिच्यात पाणी आणि पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. सासूबाई पहाटेपासून पुरणाशी झुंजत होत्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त कूलर बंद पडला होता.

पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, की तिथला कूलर म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यात उभा राहून पावसाळ्याचा वास देणारा डबा नव्हे. तो खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेला, कपाटाएवढा असतो. त्याच्या पोटात हौदभर पाणी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आणि घरातली माणसं एप्रिल ते जून त्याच्या मर्जीवर जगतात. हा कूलर मागच्या अंगणात, खिडकीबाहेर होता. अंगणात झाड नव्हतं, फरशी होती. पंप अडकला होता.

"मेकॅनिकला बोलावू," मी म्हणालो.

"मे महिन्यात मेकॅनिक येत नाही," सासरे म्हणाले. "आणि फोरमनच्या घरी मेकॅनिक यावा, हे बरं दिसत नाही."

"मग मी येतो मदतीला."

त्यांना खरोखरच धक्का बसला. "धोंड्याच्या दिवशी जावयाच्या हाताला ग्रीस? तुम्ही बसा."

मी बसलो. सासूबाईंनी कैरीचं पन्हं आणलं. मी म्हणालो, बाबांनाही द्या. त्यावर प्रणितानं सांगितलं, की या घरात एक नेम आहे. जावयाचे पाय धुऊन त्याच्या तोंडात पहिला घास पडेस्तोवर सासू-सासरे काही घेत नाहीत.

"पाणीसुद्धा?"

"पाणीसुद्धा. आजोबांपासून आहे."

"मग आधी जेवून घेऊ. कूलर नंतर."

हा प्रस्ताव प्रणितानं खिडकीतून मांडला. खिडकीपलीकडून उत्तर आलं, की बंद कूलरसमोर जावयाला पाटावर बसवणार नाही. या वाक्यात असा काही टणकपणा होता, की ती खिडकीतून मागे फिरली. मला वाटलं, यंत्राचा अभिमान.

त्यानंतर बराच वेळ मागच्या अंगणातून पान्याचे आवाज येत राहिले. मी तीनदा पन्हं प्यायलो. एकदा खिडकीशी जाऊन पाहिलं, तर सासरे उघड्या डोक्यानं कूलरच्या पोटात खांद्यापर्यंत शिरलेले. बनियन सकाळी घामानं भिजलेलं होतं, आता ते वाळलं होतं. ते पाहून मला बरं वाटलं. वाटलं, सवय झाली असेल. घाम थांबणं ही चांगली गोष्ट नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बॉयलरसमोर आयुष्य काढलेल्या माणसालाही नव्हतं.

सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा कूलर एकदम धडधडला आणि सुरू झाला. ओल्या गवताच्या वासाचा गार झोत बैठकीत आला. सासूबाई आतून "झालं बाई एकदाचं" म्हणाल्या. सासरे मागच्या दारातून आत आले. चेहरा तांबडालाल, हातात पाना. ते माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले,

"साहेब, युनिट तीनचं टेंपरेचर वाढून राह्यलं. फीडवॉटर नाही. पोट्टे कुठं गेले सगळे?"

मी हसलो. मनापासून हसलो. सासऱ्यांनी माझ्यासमोर केलेला तो पहिला विनोद होता, आणि तोही त्यांच्या बोलीत. मला वाटलं, चला, बर्फ फुटला... खरं म्हणजे मला फार बरं वाटलं. मीही उभा राहिलो आणि म्हणालो, "युनिट बंद करा, फोरमन."

"बंद करतो साहेब," ते म्हणाले, आणि पाटावर कोसळले.

पुढची काही मिनिटं त्या घरात जे घडलं ते आता आठवलं की हसू येतं, पण ते बऱ्याच उशिरा यायला लागलं.

सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी काशाची वाटी आणली. तुपाचं बोट लावून वाटी तळपायावर घासली की अंगातली उष्णता निघते आणि वाटीखाली काळं येतं. धोटेजींनी आरडाओरडा ऐकून भिंतीवरून पाहिलं आणि ते थेट आत आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कूलर बंद.

"तापल्या अंगावर गार हवा? लकवा मारन त्याले," ते म्हणाले. "चादर आणा. कांद्याचा रस काढा."

सासऱ्यांचे हातपाय थरथरत होते. थंडी वाजतेय असं समजून सासूबाईंनी खरंच चादर आणली. मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि उचलला. कोरडं, तापलेल्या पत्र्यासारखं. डोळे अर्धे उघडे, पण त्यात कोणी नव्हतं.

प्रणिता तोवर फोनवर होती. सुषमा गेडाम तिची शाळेतली मैत्रीण, गावातच तिचं लहानसं हॉस्पिटल होतं. प्रणितानं फोन स्पीकरवर टाकला.

"घाम येतोय का?" सुषमानं विचारलं.

"नाही."

"काय बोलतात?"

"युनिट तीन. बॉयलर."

"हं. ऐक, आधी गार कर, मग आण. आधी आण, मग गार कर, असं नाही. कपडे काढ, अंगावर पाणी ओत, वारा घाल. कूलर आहे ना? त्याच्या तोंडाशी आडवं करा. बर्फ मिळेल तिथून आणा, बगलेत, मानेला, जांघेत. तापाची गोळी देऊ नको. तोंडात पाणी घालू नको, श्वासात जाईल. काका, तुम्ही इथं पोहोचेपर्यंत बाबा शिजतायत, एवढं लक्षात ठेवा."

हे शेवटचं वाक्य धोटेजींना उद्देशून होतं, कारण ते मधेच "पण बाई, गार पाणी..." म्हणाले होते.

मग एक विचित्र क्षण आला. सासऱ्यांचे कपडे काढायचे होते. सासूबाई जावयासमोर संकोचल्या. प्रणिता मुलगी. धोटेजी म्हणाले, की जावयानं सासऱ्याच्या अंगाले असा हात लावू नाही, आज तं नाहीच नाही. सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मध्ये तो माणूस तापत होता.

मी बनियन फाडलं. बाकीचंही काढलं. आणि मग पाणी. सर्वांत जवळ पाणी होतं ते परातीत. माझे पाय अजून धुतले गेले नव्हते, म्हणून ते स्वच्छ होतं. मी परात उचलली आणि सगळीच्या सगळी सासऱ्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत ओतली. गुलाबाच्या पाकळ्या त्यांच्या छातीवर चिकटल्या.

"कूलर," प्रणिता धोटेजींना म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं कूलर सुरू केला.

त्यानंतर मी मागच्या अंगणात जाऊन कूलरच्या हौदातून बादल्या भरत राहिलो आणि प्रणिता ओतत राहिली. धोटेजी त्यांच्या घरून बर्फ घेऊन आले, आणि त्यांचं मोठेपण असं, की पुढे त्यांनी एकही उपाय सुचवला नाही. सासूबाई तळपायापाशीच बसून होत्या, पण त्यांची वाटी आता बाजूला पडली होती आणि त्या पदरानं वारा घालत होत्या. रांगोळी वाहून दाराकडे गेली. सासऱ्यांच्या अंगावर काटा आला तेव्हा सुषमा फोनवर म्हणाली, आता गाडीत घाला, खिडक्या उघड्या ठेवा, एक ओलं धोतर अंगावर टाका.

हॉस्पिटलात थर्मामीटर लावला तेव्हा, एवढं सगळं करून झाल्यावर, आकडा निघाला बेचाळीस.

*

सुषमा गेडाम बुटकी, शांत बाई होती. ती फळ्यावर शिकवल्यासारखं बोलत असे, आणि तिच्याकडे वाईट बातमी देण्याची वेगळी पट्टी नव्हती. संध्याकाळी तिनं आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"दूध तापवतो आपण," ती म्हणाली. "तापतं, तापतं, काही होत नाही. आणि एका क्षणी फाटतं. मग गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, ते परत दूध होत नाही. माणसाच्या अंगातलं पुष्कळ काही असंच असतं. बाबांच्या अंगातलं काय फाटलं आणि काय नुसतंच तापलं होतं, ते आता कळत जाईल."

"कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"हळूहळू. उष्माघात लागतो एका दुपारी, पण त्याचा हिशोब पुढचे दिवस चालतो. लिव्हरचे आकडे आज बरे आहेत, उद्या बिघडतील. त्यामुळे आज खूश होऊ नका आणि उद्या घाबरू नका. रक्ताचं गोठणं बिघडलंय, नको तिथं गुठळ्या होतात आणि पाहिजे तिथं होत नाहीत. आतड्याचं अस्तर ढिलं पडतं आणि आतली घाण रक्तात शिरते, त्यासाठी औषध चालू केलंय. डोक्याचं मी आज काही बोलत नाही. पण मला खरी काळजी किडनीची आहे."

तिनं आत नेलं आणि पलंगाच्या कडेला लोंबणारी लघवीची पिशवी दाखवली. तळाशी जेमतेम काही होतं, आणि ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. फार वेळ उकळलेल्या.

"स्नायू फुटलेत उष्णतेनं. त्यांचा सगळा माल रक्तात उतरला, आणि तो येऊन बसला किडनीच्या गाळणीवर. गाळणी तुंबली की संपलं. सलाइन जोरात चालू ठेवलंय, म्हणजे धुऊन निघेल. उद्या संध्याकाळपर्यंत ही पिशवी भरायला लागली आणि रंग उतरला, तर बरं. नाही तर डायलिसिसला नागपूरला पाठवावं लागेल. या उन्हात, या अवस्थेत, तीन तास अँब्युलन्स." ती थांबली. "नाही पाठवावं लागलं तर मला आवडेल."

तेव्हापासून आमचं सगळं कुटुंब त्या पिशवीसमोर बसलं.

मी खोटं सांगत नाही, स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर व्हायची जेवढी वाट पाहिली नव्हती तेवढी मी त्या पिशवीत थेंब पडायची पाहिली. आलेले नातेवाईक आधी सासऱ्यांकडे न पाहता वाकून पिशवीकडे पाहत. धोटेजी सकाळ-दुपार येऊन दारातूनच विचारत, "किती झाली?" ज्या स्वरात ते एरवी तापमान विचारत. सासूबाईंनी सुचवलं, की आपण सगळे पाहतो म्हणून ते लाजत असतील. आम्ही काही वेळ पाठ करून बसलो. फरक पडला नाही.

पिशवी रिकामी करून मोजायचं काम माझ्याकडे आलं. नर्स एकच होती आणि तिला बरंच काही होतं. सासूबाईंना ते पाहवेना.

"अधिक महिन्यात जावयाकडून हे," त्या पदराला डोळे पुसत प्रणिताला म्हणाल्या. "सात जन्म फिटणार नाही वो माय."

"आई, त्याला काम आहे म्हणून तो बरा आहे," प्रणिता म्हणाली. "नाही तर तो विनोद करेल."

तिचं बरोबर होतं. मला त्या वेळी एकही विनोद सुचत नव्हता, आणि सुचला असता तर मी तो केला असता. सासरे मधून मधून बडबडत होते. व्हॉल्व्ह उघडा, ड्रम लेव्हल पाहा, साहेब येऊन राह्यले. मध्येच ओरडत, "ब्लोडाउन मार!" मी एकदा धोटेजींना विचारलं, हे ब्लोडाउन म्हणजे काय.

"बॉयलरच्या तळाचा गाळ खाली सोडून द्याचा, जोरात," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "मारू दे ना बापा मंग. कोणी अडवलं?"

दुसऱ्या दिवशी लिव्हरचे आकडे बिघडले. सांगितलेलं असूनही आम्ही घाबरलो. दुपारी डोळे पिवळसर दिसायला लागले. पिशवीत मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त होतं, पण रंग तोच, काळपट. सुषमानं नागपूरला फोन करून जागा आहे का ते विचारून ठेवलं. मला ते ऐकू येऊ नये म्हणून ती बाजूला गेली होती, आणि म्हणूनच मला ते ऐकू आलं.

ऊन कलत असताना मी पिशवी मोजायला वाकलो आणि मला वाटलं, माझेच डोळे दमलेत. नळीतून जे येत होतं त्यात आरपार दिसत होतं. मी भांडं खिडकीपाशी नेलं. तो उकळलेला कोरा चहा नव्हता. दुधाचा नव्हे, पण पाहुण्यांना आपण घाईत देतो तसा, फिका, पत्ती विसरलेला चहा होता. आणि भांडं जड होतं.

मी ते भांडं हातात धरून बाहेर आलो. सासूबाई, प्रणिता, धोटेजी, प्रणिताच्या दोन आत्या, आणि शेजारच्या खोलीतल्या पेशंटचे नातेवाईक, ज्यांना एव्हाना आमच्या प्रश्नात रस निर्माण झाला होता, सगळे बाकावर होते. मी भांडं पुढे केलं.

सासूबाईंनी हात जोडले. भांड्याला.

सुषमा आली, तिनं पाहिलं, तासाभरानं परत पाहिलं. मग ती तिच्या त्याच पट्टीत म्हणाली, "नागपूरला सांगते, जागा दुसऱ्याला द्या."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी डोळे उघडले, आणि त्यात कोणी तरी होतं.

पण कोण, हे आम्हाला कळायचं होतं. सुषमानं सांगून ठेवलं होतं, की मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उष्णतेला फार हळवा असतो. उठल्यावर बोलणं अडखळेल, चाल बदलेल, कदाचित स्वभावही. तिनं त्यांना बोट नाकाला लावायला सांगितलं. त्यांनी लावलं, जरासं थरथरत. नाव विचारलं. सांगितलं. मग तिनं विचारलं, "काय झालं होतं, आठवतं?"

"कूलर सुरू झाला," ते म्हणाले. आवाज खरखरीत होता, शब्द सावकाश येत होते. "मंग मी ट्रिप झालो."

"तुमचं टेंपरेचर बेचाळीस होतं, बाबा."

ते विचारात पडले. "आणि गावाचं?"

"त्या दिवशी शेहेचाळीस पॉइंट पाच," दारातून धोटेजी म्हणाले.

"मंग माहं कमीच होतं," सासरे म्हणाले, आणि सुषमानं तिच्या कागदावर काही तरी लिहिलं. मी तिला बाहेर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, स्वभाव शाबूत.

ती थोडं थोडं पाणी तोंडानं द्या म्हणाली. सासूबाईंनी पेला ओठांशी नेला. सासऱ्यांनी मान फिरवली.

"जावयाचं झालं का?"

आम्हाला कळेना.

"पाय धुतले का त्याचे? जेवला का तो?"

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. प्रणितानं समजावलं, की बाबा, तीन दिवस झाले, तुमच्या नसेतून बाटल्यांवर बाटल्या गेल्या, तो नेम केव्हाच मोडला. ते म्हणाले, नसेतून गेलं त्याचं पाप डॉक्टरीण बाईले. तोंडानं मी घेतलं नाही. सुषमा म्हणाली, किडनी आत्ता कुठे कामाला लागली आहे, पाणी प्यायलाच पाहिजे, हट्ट चालणार नाही. ते ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी पलंगाच्या कडेला बसलो. "बाबा, त्या दिवशी आधी जेवून घेऊ म्हणत होतो मी. कूलर नंतर झाला असता."

मग, डोळे न उघडता, "तुमच्या लग्नात जानवशाचा कूलर बंद पडला होता. आठवते?"

मला आठवत नव्हतं.

"तुमचे मामा बाहेर आले अन् सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, इथं माणसं राहतात का? मी तिथंच होतो. फोरमन माणूस, अन् पोरीच्या लग्नात माह्याच्यानं एक कूलर चालू झाला नाही." ते थांबले, दम घेतला. "म्हटलं, पुन्हा नाही. जावई या घरात पाटावर बसन, तं गार हवेतच बसन."

माझे मामा हे वाक्य प्रत्येक गावाबद्दल म्हणत आले आहेत. महाबळेश्वरला थंडीमुळे म्हणतात, कोकणात डासांमुळे. पुण्याबद्दलही म्हणतात, आणि ते पुण्यातच राहतात. दोन वर्षं हे वाक्य त्या माणसाच्या पोटात तापत होतं, आणि आम्हाला कोणाला त्याची वाफही दिसली नव्हती. मी हे काही त्यांना सांगितलं नाही. मी प्रणिताला म्हणालो, "परात आण."

परात घरी होती. नर्सनं हात धुवायचं स्टीलचं तसराळं दिलं. मी भेटायला येणाऱ्यांच्या स्टुलावर बसलो, पँट वर दुमडली. सासूबाई खाली बसल्या आणि बिसलेरीच्या बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी माझे पाय धुतले. आरती नव्हती, म्हणून धोटेजींनी मोबाइलचा टॉर्च लावून ओवाळला. ते त्यांनाच सुचू शकतं. डब्यात धोंडे होते, सासूबाईंनी त्या दिवशी पहाटे नव्यानं करून आणलेले. सुषमा दारात हात बांधून उभी होती आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हलत होतं.

मी एक धोंडा तोंडात घातला. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी गिळला.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी हात पुढे केला. पेला मीच दिला. ते उठून बसू पाहत होते, मी पाठीमागे हात घातला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले, आवाज करत, थांबत थांबत, तळापर्यंत. मग तोंड पुसलं.

आणि आम्ही सगळे, सासूबाई, प्रणिता, मी, धोटेजी, दोन्ही आत्या, सवयीनं, एकदम वाकून पलंगाखालच्या पिशवीकडे पाहू लागलो.

"काय पाहता बे तिकडं?" वरून आवाज आला. "इकडं पाहा ना. मी इथं आहो."